साईच्या पानाची स्वच्छ प्रत

भाईंदर (पूर्व)
रविवार, ३ फेब्रुवारी २००८

चि. निशिगंधा,

आज सकाळी सहाला उठलो. दूध आणले. नवघर रोडला खोदकाम चालू असल्यामुळे बाजारात लांबून जावे लागले. वांगी आणि थोडी भेंडी घेतली. दुपारी वरण-भात केला. तीन वाजता साईचा संगणक पुसला आणि त्यावर पुन्हा कापड घातले. बाकी काही नाही.

मागच्या रविवारी तुझा फोन आला. तू विचारलेस, "बाबा, साईचं ऑर्कुटचं पान कोणी पुसलं?" मी म्हणालो, "मी." तू विचारलेस, "वाचलंत का पुसण्याआधी?" मी म्हणालो, "वाचलं, दुरुस्त केलं, वहीत उतरवलं, मग पुसलं." त्यावर फोन बंद झाला. लाइन गेली असे समजून मी दोनदा लावला. दोन्ही वेळा जावयांनी उचलला आणि तू आंघोळीला गेली आहेस असे सांगितले. दुसरा फोन मी तासाभराने केला होता.

माझे काय चुकले ते मला समजलेले नाही. म्हणून जे केले ते क्रमाने लिहितो.

साई गेल्यावर दोन महिने मी त्या संगणकाला हात लावला नाही. नोव्हेंबरात एकदा बटण दाबले. ते पान आपोआप उघडते, त्याने तशी सोय करून ठेवली आहे. वर त्याचा उत्तनच्या खडकावर बसलेला फोटो आणि खाली मित्रांनी लिहिलेले निरोप. त्याला स्क्रॅप म्हणतात. आमच्या ऑफिसात स्क्रॅप म्हणजे मोडक्या खुर्च्या, त्यामुळे आधी मला वाईट वाटले. तो गेल्यानंतरचे असे एकूण एकशे त्रेचाळीस निरोप होते.

बहुतेकांनी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. जिथे देवनागरी होती तिथे 'आनी', 'पन', 'कूठे'. पूर्णविराम कुठेच नाही आणि उद्गारचिन्हे एकेका ओळीत सात-आठ. 'तू कधी येतोस' असे विचारलेले. यातले बरेच जण स्मशानात माझ्या शेजारी उभे होते. तो वाचणार नाही हे त्यांना माहीत होते. मग हे लिहितात कोणासाठी? मी विचार केला की घरच्यांसाठीच असणार. घरात मी एकटा, म्हणजे माझ्यासाठी. तेव्हा आलेल्या कागदाची व्यवस्था लावणे हे माझे काम झाले.

बत्तीस वर्षे आवक-जावक विभागात काढली. खर्डा आला की तपासायचा, स्वच्छ प्रत काढायची आणि खर्डा फाडायचा. खर्डा राहिला तर पुढे कोणीतरी त्यावर बोट ठेवतो. साईच्या नावाखाली असे लिखाण जगाला दिसत राहावे हे मला बरे वाटले नाही. १२ जानेवारीला त्याच्या वाढदिवशी तर कहर झाला. काही जणांना बातमीच नव्हती. 'हॅपी बड्डे, पार्टी कूठे' असे सात निरोप आले. ते मी प्रत न काढताच पुसले. पुसता येते हे तेव्हा कळले. उरलेले उतरवायला मला अकरा दिवस लागले.

नमुन्यादाखल दोन देतो. त्याचा मीरा रोडचा मित्र बंटी, त्याने लिहिले होते: 'सायऱ्या साल्या माझा स्टायकर घेऊन गेलास ये परत द्यायला लय बोर होतय'. मी केले: 'साईराज, तू माझा कॅरमचा स्ट्रायकर नेला आहेस. तो परत करण्यास यावे. तुझ्याविना करमत नाही.' तारोडीच्या मेल्रॉयने 'साईईईईईई' एवढेच लिहिले होते, पुढे काही नाही. मी 'साई' असे लिहून स्वल्पविराम दिला.

आणखी एक मुलगी आहे. नाव नुसते 'झिपरी', फोटोच्या जागी मांजर. तिने चाळीस वेळा लिहिले आहे. 'आज पोळी करपली', 'आज उशीर जाला मग रडले', 'तू असतास तर हासला असतास'. फार शिकलेली वाटत नाही. साईचे काही असेल तर आता तिची बदनामी नको, म्हणून पहिले दोन निरोप उतरवले आणि खाली लिहिले, 'सदर मुलीचे पुढील अडतीस निरोप याच आशयाचे आहेत.'

वहीची झेरॉक्स वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. पाने एकतीस. मिळाल्याची पोच द्यावी.

तुझा,
बाबा


भाईंदर
रविवार, १७ फेब्रुवारी २००८

चि. निशिगंधा,

झेरॉक्स परत मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. एकोणिसाव्या पानाचा कोपरा तेवढा दुमडलेला होता. त्या पानावर माझी चूक राहिली असेल असे समजून तीनदा तपासले. एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. पण एवढ्यासाठी कोणी एकतीस पाने परत पाठवत नाही, हे मलाही कळते.

दरम्यान, बंटीचा स्ट्रायकर साईच्या कपाटात सापडला, मोज्यांच्या खाली. मागणी नोव्हेंबरची, म्हणजे तीन महिने पडून राहिलेली. म्हणून बुधवारी मीरा रोडला जाऊन तो दिला. बंटी तिथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. एक गिऱ्हाईक समोर होते. मी स्ट्रायकर काउंटरवर ठेवला.

"हे काय, काका?"

"तुझा स्ट्रायकर. तू मागितला होतास."

"मी? कधी?"

"नऊ नोव्हेंबरला. साईच्या पानावर."

तो स्ट्रायकरकडे पाहत राहिला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "भाईसाब, पाँच मिनट," आणि पडद्यामागे गेला. गिऱ्हाईक मला विचारते, "क्या हुआ इसको?" मी म्हणालो, मालूम नहीं. मला खरेच माहीत नव्हते. वाटले, उशीर झाला म्हणून रागावला. परत आला तेव्हा तोंड धुतलेले होते.

"काका, परत द्यायला मी तुम्हाला नव्हतो बोललो. त्याला बोललो होतो."

"तो कसा देणार?"

"तेच ना, काका," तो म्हणाला. "तेच तर."

 मी सोबत नेलेले झेरॉक्सचे एकोणिसावे पान त्याच्यापुढे ठेवले आणि विचारले, ही झिपरी कोण आहे, तुला ठाऊक आहे का? तिच्या घरच्यांना काही कळवायला हवे का?

त्याने आधी पान वाचले, मग माझ्याकडे पाहिले. "मस्करी करताय काय, काका? निशाताई ती. अख्ख्या ग्रुपला माहिताय. साईच तिला झिपरी बोलायचा, लहानपणापासून."

मी मीरा रोडहून भाईंदरपर्यंत चालत आलो. शेअर रिक्षा रिकाम्या जात होत्या, पण बसावेसे वाटले नाही.

निशिगंधा, तुझे शुद्धलेखन मी स्वतः घेतले. चुकलेला शब्द दहा वेळा, रोज जेवणाआधी. दहावीला मराठीत तुला ब्याऐंशी होते. 'जाला' लिहिणारी मुलगी तू असशील हे माझ्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. साईने तुला झिपरी म्हटलेले मी घरात कधी ऐकले नाही. मी नसताना म्हणत होता का? तुमच्या खोलीत मी येताना पावलांचा आवाज आला की तुम्ही बोलणे थांबवत होता का?

पोळी करपली हे तू मला फोनवर का नाही सांगितलेस? मी काही बोललो नसतो.

हे मी आत्ता लिहिले आणि वाचले. बोललो असतो बहुतेक. गॅस बारीक ठेवावा असे काहीतरी.

ते अडतीस निरोप मी वाचले होते, पण आठवून पाहतो तर सात-आठच आठवतात. एक पेरूच्या झाडाबद्दल होता. एकात नुसते 'आज काही नाही' असे होते. मला वाटले होते, काही नाही तर लिहिते कशाला?

बाबा


भाईंदर
रविवार, २ मार्च २००८

चि. निशिगंधा,

तुझे उत्तर नाही. मी ते अपेक्षिलेही नव्हते. तरी टपालाच्या वेळेला खाली जातो.

ऑफिसात फाइल गहाळ झाली की दुय्यम फाइल तयार करतात. ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला त्यांच्याकडून प्रती मागवायच्या आणि क्रमाने लावायच्या. आमच्याकडे एकदा पावसाळ्यात तळमजल्यावरची अठरा बंडले भिजली, ती मी अशीच उभी केली होती. म्हणून मी बंटीला फोन केला. तो म्हणाला, "काका, स्क्रॅपची कॉपी कोणाकडे नसते. लिहिला, गेला." मी म्हणालो, मग पुन्हा लिहा. जसे होते तसेच लिहा.

आज तो आला, सोबत संजनाही होती. संजना साईबरोबर कॉलेजात होती, उंच, चष्मेवाली. तू तेराव्याला तिला पाहिले आहेस. मी पोहे केले. नवी दोनशे पानी वही आणली होती. दोघांना टेबलाशी बसवले आणि समोर खुर्ची घेऊन बसलो.

बंटीने पेन उघडले, बंद केले, उघडले. "काका, 'आठवण'ला ण बाणाचा ना?"

मी म्हणालो, "कसाही लिही."

"नको, सांगा ना. परत तुम्ही बोलणार."

अर्ध्या तासाने त्याने लिहिले ते असे: 'प्रिय मित्र साईराज यास, सप्रेम नमस्कार वि. वि. आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुझी उणीव भासते. कळावे, तुझा मित्र.' संजनाने आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवले आणि पेन्सिल खोडली. 'कै. साईराज याच्या आत्म्यास चिरशांती लाभो.' जोडाक्षरे नीट, ऱ्हस्व-दीर्घ नीट. एकही चूक नाही.

तिचा जुना निरोप मला आठवत होता. 'तूझा नंबर अजून डिलीट नाय केला, केला तर खरच मेलास अस होइल'. मी वहीत त्याचे केले होते: 'तुझा क्रमांक अद्याप जपून ठेवला आहे.' तेव्हा मला वाटले होते की अर्थ तोच राहिला आहे.

मी म्हणालो, "पोरी, हे नव्हतं लिहिलंस तू."

ती म्हणाली, "हो काका. पण ते आता नाही येत."

"का?"

तिने बंटीकडे पाहिले. बंटीच म्हणाला, "काका, राग नका मानू. तुम्ही चष्मा लावून समोर बसलात ना, दहावीच्या पेपरला बसल्यासारखं वाटतंय. सुपरवायझर समोर असल्यावर कोण सायऱ्याला शिव्या देणार?"

दोघेही हसले, मग वही मिटून ठेवली. पोहे मात्र संपवले. संजनाने बश्या धुऊन ठेवल्या. जाताना दारात म्हणाली, "साई सांगायचा, आमच्या बाबांना पत्र लिहायचं म्हणजे आधी ताप येतो." ती हसत म्हणाली, पण मी हसलो नाही तेव्हा तिचा चेहरा उतरला. मला हसायला हवे होते. मी फक्त 'ताप' या शब्दापाशी थांबलो होतो. पाच दिवसांच्या तापात गेलेल्या मुलाबद्दल ती बोलते आहे हे तिच्याही मग लक्षात आले असावे.

वही उघडून पाहतो आहे. दोन पाने भरली आहेत, आणि दोन्हींत साई कुठेच नाही.

साईने लिहिलेले शेवटचे काय मी पाहिले होते, हे आठवून पाहिले. आठवत नाही.

आठवते. पण ते आज लिहीत नाही.

बाबा


भाईंदर
रविवार, १६ मार्च २००८

चि. निशिगंधा,

काल तारोडीला गेलो होतो. स्टेशनवरून उत्तनची बस पकडली. मेल्रॉयचे घर विचारत विचारत सापडले. दारासमोरच बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आहेत. मेल्रॉयची आई विल्माबाई बाहेर जाळे आवरत बसली होती. साईचे वडील म्हटल्यावर ती उठली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे एकटक पाहू लागली.

"साईराजचा बाप तुमी? तो तर बोलायचा का उंच हायेत, मिशीवाले."

मी म्हणालो, मिशी पूर्वी होती.

"बसा. मेल्रॉय घरातच हाय. रोज इथंच बसायचा तुमचा पोरगा, या पायरीवर. मासे न्हाय खायाचा पन वास घ्यायचा."

मला हे माहीत नव्हते. साई तारोडीला महिन्यातून एखाद वेळ जातो असे मी समजत होतो.

मेल्रॉय आला. मी त्याला वही दिली आणि काय हवे ते सांगितले. तो टेबलाशी बसला, मी समोर बसलो. त्याने तारीख घातली. खाली रेघ मारली. मग रेघ पुन्हा गिरवली. विल्माबाई चहा घेऊन आली, तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि माझा चहा हातात न देता बाहेर पायरीवर नेऊन ठेवला.

"तुमी इथं माझ्याबरोबर बसा. त्याला लिवू दे."

मी बाहेर बसलो. दोन तास. विल्माबाई जाळे विणता विणता बोलत होती. तिचा नवरा मायकेल आठ वर्षांपूर्वी गेला. मेलेल्यांच्या सणाला ही माणसे कबरीवर मेणबत्त्या लावतात, पण ही एरवीही जाते, बाजारातून येता येता.

मी विचारले, "तिथे जाऊन काय करता?"

"बोलते. आमच्या पोरीनं, ॲलिशानं केस कापले ते सांगितलं. मेल्रॉय ऐकत न्हाय ते सांगते. तो तर रोजचंच."

"त्यांना ऐकू जातं असं वाटतं?"

ती माझ्यावर जरा चिडली. "ऐकतो का न्हाय ते मला काय म्हाईत? मी त्याला विचारत न्हाय. मी सांगते."

मी बराच वेळ यावर विचार केला. अजूनही मला नीट उमगलेले नाही. पण कबरीपाशी ती जे बोलते ते माझ्यासाठी नाही आणि मेल्रॉयसाठीही नाही, एवढे दिसत होते. तिथे उभे राहून मी तिची वाक्ये दुरुस्त केली असती तर तिने मला हाकलून दिले असते, आणि ते योग्यच झाले असते.

मेल्रॉय बाहेर आला तेव्हा त्याने चार पाने लिहिली होती. वही छातीशी धरून म्हणाला, "काका, तुम्ही वाचणार?"

मी म्हणालो, "नाही."

"नक्की ना? कारण तुमच्याबद्दल पण आहे."

मी पुन्हा नाही म्हणालो. तेव्हा तो माझ्या शेजारी बसला आणि जे सांगायचे ते तोंडाने सांगितले. ते तुला कळायला हवे, म्हणून आधी माझी बाजू लिहितो. मागच्या पत्रात टाळली ती.

साईला ताप चढला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने मला नोकरीचा अर्ज दाखवला. कुरियर कंपनीतली जागा होती. तो ई-मेलने पाठवायचा होता, पण मला वाचता यावा म्हणून त्याने सायबर कॅफेत छापून आणला होता. मी लाल पेन घेतले. बाराव्या चुकीला तो म्हणाला, "बाबा, नोकरी कशी वाटते ते सांगा ना." मी म्हणालो, "आधी अर्ज तर लिहायला शीक." तो कागद घेऊन गेला. रात्री उशिरा आला, दुसऱ्या दिवशी ताप, आणि नंतर दवाखान्यात आम्ही औषधांशिवाय काही बोललो नाही. मी तुला सांगितले होते की त्या सकाळी विशेष काही घडले नव्हते. ते खरे नाही.

आता मेल्रॉयने सांगितले ते. त्या दिवशी साई इथे, या पायरीवर आला. अर्ज सगळ्यांना दाखवला. मी धरले होते की तो रागाने किंवा दुःखाने बोलला असेल. मेल्रॉय म्हणतो, तो हसत होता. माझा आवाज काढून दाखवत होता. "विसर्ग कुठंय, विसर्ग?" विल्माबाईसुद्धा हसली. मग तो मेल्रॉयला म्हणाला, "पैज लाव. परत लिहिला तर बाबा किती चुका काढतील? सहाच्या आत आल्या तर वडापाव तुझ्याकडून." आणि तिथेच बसून त्याने तो पुन्हा लिहिला आणि सायबर कॅफेतून परस्पर पाठवून दिला. मला तो दुसऱ्या दिवशी दाखवणार होता.

तो हसत होता, यामुळे मला बरे वाटायला हवे ना? वाटत नाही. वाईटही वाटत नाही. सहा महिने मी मनात एका दुखावलेल्या साईजवळ बसलो होतो आणि तो तसा नव्हताच. मग मी कोणाजवळ बसलो होतो, हे कळेनासे झाले आहे.

आणखी एक, जे कोणालाच सांगितलेले नाही. ऑक्टोबरात त्या कंपनीतून फोन आला होता. साईराज यांना मुलाखतीला पाठवा म्हणाले. मी 'राँग नंबर' म्हणालो आणि ठेवला. म्हणजे तो अर्ज चालला होता. चुका होत्या की नव्हत्या, मला ठाऊक नाही.

वही मी मेल्रॉयकडेच ठेवून आलो. तो ती पुढे बंटीला देईल, बंटी आणखी कोणाला. ती माझ्याकडे येण्याची गरज नाही, तुझ्याकडे पाठवा असे मी त्याला सांगितले आहे. तुझा पत्ता दिला आहे. तुला नको असेल तर तसे त्यांना कळव, मला नको.

तुझे अडतीस निरोप मी परत आणू शकत नाही. ते पुन्हा लिही असेही म्हणणार नाही. तुझ्यासमोर मी बसलेलो नसलो तरी, मी मागितले म्हणजे बसल्यासारखेच होईल.

मी ते पुसायला नको होते. त्यांतला एकही माझ्या नावाने आलेला नव्हता.

बाबा


भाईंदर
रविवार, ६ एप्रिल २००८

चि. निशिगंधा,

आज पाडवा. आपल्याकडे यंदा सण नाही, तरी समोरच्या इमारतीतल्या गुढ्या सकाळपासून पाहतो आहे. शेजारच्या अनसूयाबाईंनी वाटीभर श्रीखंड पाठवले. घ्यावे की नाही कळेना. घेतले.

काल रजिस्टर टपाल आले. पोस्टमन दारातून म्हणाला, "साईराज धर्माजी गोताड आहेत का घरात? सही लागेल." अक्षर तुझे होते, मी लांबूनच ओळखले. तो नवीन माणूस आहे, त्याला काही माहीत नाही. मी सांगायला तोंड उघडले आणि सांगितले नाही. "मी घेतो," म्हणालो. त्याने विचारले, "तुम्ही कोण त्यांचे?" मी म्हणालो, वडील. त्याने कागदावर तसे लिहून घेतले आणि बोट ठेवून म्हणाला, "इथं करा."

पाकीट जाड आहे. तिकिटे बरीच लागली आहेत. पाठवणाऱ्याच्या जागी 'झिपरी, वडोदरा' एवढेच आहे. पोस्टाने ते कसे चालवून घेतले मला माहीत नाही.

ते मी साईच्या टेबलावर ठेवले आहे, संगणकाच्या डाव्या बाजूला. उघडलेले नाही. काल संध्याकाळी एकदा हातात घेतले होते, हे कबूल करतो. वजन पाहिले आणि होते तसे ठेवले. पाकिटावर त्याचे नाव आहे.

माझ्यासाठी वेगळे काही पाठवले असशील असे वाटून पोस्टमन गेल्यावरही मी दारात थोडा वेळ उभा होतो. तसे काही नव्हते. त्याबद्दल तक्रार नाही. पण तू ते या घरच्या पत्त्यावर पाठवलेस. मी असताना पाठवलेस. याचा अर्थ मला जसा वाटतो तसाच आहे की नाही, हे मी तुला विचारणार नाही. पुढचे आले तरी सही करून घेईन.

आंब्याच्या दिवसांत यायचे असले तर ये. नसले तरी चालेल.

बाबा

ता. क. हे लिहीत असताना पाणी आले म्हणून उठलो. पिंप भरले, दोन कळशा भरल्या, सांडलेले पाणी फडक्याने टिपून घेतले आणि फडके पिळून गॅलरीत वाळत घातले. आज काही नाही.